दसऱ्याआधी गाडीचा रंग: घरच्या घरी डिटेलिंग कसं करायचं

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज सकाळी साडेसहाला एक बादली फिरते. एकच. तिच्यातल्या पाण्यानं आणि त्याच एका फडक्यानं पंधरा गाड्या पुसल्या जातात. चौथ्या गाडीपर्यंत पाण्याचा चहा होतो, दहाव्या गाडीपर्यंत काढा. माझी गाडी बारावी होती.

दोन वर्षांनी एकदा रात्री पेट्रोल भरायला थांबलो आणि पंपावरच्या दिव्याखाली बॉनेटकडे नीट पाहिलं. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती गोल गोल बारीक चरे, अगदी कोळ्याचं जाळं. गाडी काळपट निळी, त्यामुळे लपायलाही जागा नाही. पुसणाऱ्या दादांना यात दोष देण्यात अर्थ नाही. तीन मिनिटांत एक गाडी उरकायची म्हटल्यावर दुसरं काय होणार? मी त्यांना एवढंच सांगितलं की पैसे तेच घ्या, पण आजपासून माझ्या फक्त काचा पुसा. आणि बाकीचं काम स्वतः शिकायला घेतलं.

वर्षातून एकदा नीट डिटेलिंग, म्हणजे कसून धुणं, पॉलिश आणि वॅक्स, करायचं तर आपल्याकडे सगळ्यात सोयीची वेळ म्हणजे पाऊस ओसरल्यानंतरची, दसऱ्याच्या आधीचा शनिवार-रविवार. चार महिन्यांचा चिखल बसलेला असतो, आणि तसंही खंडेनवमीला गाडी धुवायचीच असते.

घासण्याआधी हे वाचा

पत्र्यावर रंगाचे थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. गॅरेजमधले पेंटर त्याला लॅकर म्हणतात. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं आणि त्यातला लॅकर जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा असतो. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ थरात आहे, आणि ते जाळंही बहुतेक वेळा त्याच थरात असतं.

पॉलिश केल्यावर चरा 'भरून' येत नाही. आजूबाजूचा लॅकर घासून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणला, की चरा दिसेनासा होतो. दर वेळी थोडा लॅकर गेला, तो गेलाच. म्हणून या कामात घासण्यापेक्षा न घासण्याचं कसब जास्त लागतं, आणि पुढे पॉलिशपेक्षा धुण्यावर मी जास्त लिहिलं आहे ते त्यासाठीच.

सामान

दोन बादल्या. दोन्हींच्या तळाशी बसणारी प्लास्टिकची जाळी मिळाली तर उत्तम, म्हणजे खाली बसलेली वाळू पुन्हा हातमोज्याला लागत नाही. गाडी धुण्याचा लोकरी किंवा मायक्रोफायबरचा हातमोजा. गाडीसाठीचा साधा शाम्पू. भांडी घासायचं लिक्विड नको. ते तेलकटपणा काढायला बनवलेलं असतं, तेव्हा गाडीवरचं वॅक्सही सोबत घेऊन जातं. मायक्रोफायबरची निदान आठ-दहा फडकी, आणि पाणी टिपायला एक मोठा जाड टॉवेल. रंगात रुतलेला मळ काढणाऱ्या क्ले बारची एक वडी, हाताने लावायचं बारीक पॉलिश, फोमचे दोन-तीन गोल पॅड, रंगकाम करणारे वापरतात ती मास्किंग टेप, रंगावर संरक्षक थर चढवणारं वॅक्स किंवा सीलंट, आणि काळ्या प्लास्टिकसाठी ट्रिम ड्रेसिंग.

फडक्यांचं जरा सांभाळायचं. रंगाची वेगळी, चाकांची वेगळी, काचांची वेगळी. मी रंगानुसार वाटून टाकली आहेत. धुताना सुती कपड्यांबरोबर टाकू नका, त्यांचे धागे आणि कण मायक्रोफायबरला चिकटून बसतात. फॅब्रिक कंडिशनरही नको, त्याने तंतू चोपडे होतात आणि फडकं पाणी शोषेनासं होतं. कडेचं शिवलेलं लेबल कापून टाका. आणि फडकं जमिनीवर पडलं, की ते त्या दिवसापुरतं बाद. झटकून, फुंकर मारून चालत नाही.

जुनी बनियन, साडीचा तुकडा, वर्तमानपत्र, पिसांचा झाडू यातलं काही रंगाला लावायचं नाही. कोरड्या धुळीवर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच फिरवणं.

धुणं

सावली हवी आणि पत्रा गार हवा. बॉनेटवर तळहात ठेवा. तो आरामात ठेवता आला पाहिजे. उन्हात शाम्पू वाळतो आणि पाणीही वाळतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्याला क्षार इतके, की वाळलेल्या प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं उरतं.

पहिल्यांदा चाकं. सगळ्यात जास्त घाण तिथे, आणि ती आधी निघाली नाही तर धुतलेल्या दारावर उडते. चाकांचा ब्रश आणि पाणी वेगळं. मडगार्डच्या आत हात घालून पाहा. कोकणातून आलेली गाडी असेल तर तिथे जांभ्याची तांबडी माती मूठभर निघते. वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळाही याच वेळी काढा. तिथून पाणी खाली वाहून जायची वाट असते. ती तुंबली तर पाणी नको तिथे शिरतं. दारांच्या खालच्या कडेला बारीक भोकं असतात, तीही चिखलाने बुजलेली असतात. काडीने मोकळी करा.

मग सगळ्या गाडीवर नुसतं पाणी. पाइप असेल तर वरून खाली. नसेल, किंवा सोसायटीने पाइपला बंदी केली असेल (आमच्याकडे आहे, टँकरचे दिवस सुरू झाले की नोटीस लागते), तर मगाने हळूहळू ओता. हात लावायचा नाही. चिखल भिजू द्या, पाच मिनिटं थांबा, पुन्हा ओता. जेवढी वाळू पाण्याने जाईल तेवढी तुमच्या हातमोज्याखाली येणार नाही. नवीन माणूस सगळ्यात जास्त घाई करतो ती इथेच.

एका बादलीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी. हातमोजा शाम्पूत बुडवा, एक भाग धुवा, मग साध्या पाण्याच्या बादलीत खळबळून जाळीवर चोळा, पिळा आणि पुन्हा शाम्पूत. छप्पर, काचा, बॉनेट, डिकी, दारांचा वरचा अर्धा भाग, आणि बंपर व दारांचा खालचा भाग अगदी शेवटी. हात सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नको. जोर अजिबात नको. मोज्याचं स्वतःचं वजन पुरे. एक बाजू झाली की लगेच पाणी ओता, शाम्पू वाळू देऊ नका.

पुसताना टॉवेल ओढायचा नाही. बॉनेटवर पसरायचा, वरून थापटायचा आणि उचलायचा. आरशांच्या मागे, हँडलच्या खोबणीत, नंबर प्लेटच्या मागे पाणी दडून बसतं आणि दहा मिनिटांनी ओघळतं. सोसायटीच्या गेटपर्यंत एक चक्कर मारून या, ब्रेक दोन-तीनदा दाबा, मग उरलेलं टिपा.

हात फिरवून पाहा

धुतलेल्या गाडीवर नजरेला सगळं छान दिसतं. आता एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घाला आणि बॉनेटवर हलकेच बोटं फिरवा. पिशवीमुळे बोटांना बारीकसारीक कळतं. काचेसारखं गुळगुळीत लागलं तर पुढच्या भागात जा. बहुतेक गाड्यांना रव्यासारखं खरखरीत लागतं. ते धुण्याने न निघालेलं, रंगात रुतून बसलेलं असतं: ब्रेकमधून उडालेला लोखंडाचा चुरा, बांधकामाची धूळ, झाडांचा चीक, रस्त्याचं डांबर.

पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके असतील तर तो लोखंडाचाच चुरा, गंजलेला. त्यासाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. फवारला की ठिपके जांभळे होऊन ओघळतात. बघायला मजा येते, पण वास सडक्या अंड्यासारखा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा, रंगावर वाळू देऊ नका आणि भरपूर पाण्याने धुवा.

डांबराच्या काळ्या ठिपक्यांना आपल्याकडे सर्रास रॉकेल लावतात. ठिपका विरघळतो हे खरं, पण फडक्याच्या टोकावर अगदी थोडं घ्या, रबराला लागू देऊ नका आणि तेवढा भाग लगेच शाम्पूने धुवा. टार रिमूव्हर मिळत असेल तर तोच बरा.

उरलेल्यासाठी क्ले बार. ही मातीसारखी मऊ वडी. तिचा पेढ्याएवढा तुकडा घ्या, मळून चपटा करा, रंगावर शाम्पूचं पाणी भरपूर फवारा आणि हलक्या हाताने पुढे-मागे फिरवा. आधी खर्रखर्र आवाज येतो, मग हळूहळू बंद होतो. आवाज थांबला की तेवढी जागा झाली. तुकडा उलटून बघा, मळ दिसेल. घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. कोरड्या रंगावर कधीही नाही. तुकडा खाली पडला तर कचऱ्यात टाका, कितीही जीव तुटला तरी. म्हणूनच अख्खी वडी न घेता तुकडा घ्यायचा.

पॉलिश: लागेल तेवढंच

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा खोल आहे. घरच्या पॉलिशने जायचा नाही, उगाच लॅकर संपवाल. अडकलं नाही तर कमी करता येईल. गाडीचा रंग मॅट असेल तर हा भाग वगळून पुढे जा, मॅट रंगाला पॉलिश लावत नाहीत. आणि एखादं दार नुकतंच रंगवून आणलं असेल तर पेंटरला विचारा. ताजा रंग पूर्ण सुकायला साधारण महिनाभर देतात.

सुरुवात करण्याआधी काळ्या प्लास्टिकच्या सगळ्या कडांना, काचेच्या बीडिंगला आणि बॅजना मास्किंग टेप लावा. अर्धा तास जातो. पहिल्या वर्षी मी हा अर्धा तास वाचवला होता. आधी पॉलिश आणि मग वॅक्स बंपरच्या खरखरीत प्लास्टिकमध्ये जाऊन बसलं, आणि दिवाळी होऊन गेली तरी गाडीला पांढऱ्या मिशा होत्या. शेवटी मुलीच्या कंपासपेटीतल्या खोडरबराने एकेक डाग घासून काढला. तो उपाय खरंच चालतो, पण टेप लावणं त्याहून सोपं आहे.

आधी दोन फूट बाय दोन फूट एवढ्याच जागेवर करून बघा, शक्यतो डिकीवर. सगळ्यात सौम्य पॉलिश घ्या, वाटाण्याएवढे तीन-चार थेंब फोमवर, आणि मध्यम दाबाने आडवं-उभं फिरवा. पांढरा थर पातळ, जवळजवळ पारदर्शक झाला की मायक्रोफायबरने पुसा आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघा. सुधारणा पुरेशी वाटली तर सगळी गाडी त्याच पॉलिशने. नाही वाटली तरच एक पायरी जाड. दुकानदार 'रबिंग कंपाउंड घ्या, एकदम काम होईल' म्हणतील. काम होतं, पण कंपाउंडचे स्वतःचे चरे पडतात आणि ते काढायला पुन्हा बारीक पॉलिश लागतं.

हाताने सगळं जाळं जाणार नाही. निम्मं गेलं तरी दिवसाउजेडी गाडी वेगळीच दिसते. मशीन वापरायचं असेल तर डीए, म्हणजे पॅड फिरता फिरता हेलकावणारं पॉलिशर घ्या. एकाच जागी गरगर फिरणारं रोटरी मशीन नवख्याच्या हातात धोक्याचं, कारण तेवढी जागा तापून लॅकर जळू शकतो. मशीन कुठलंही असलं तरी दारांच्या आणि बॉनेटच्या धारांपासून लांब ठेवा. धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो.

वॅक्स, सीलंट की सिरॅमिक

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडजातीच्या झाडाच्या पानांवरून काढतात. गडद रंगावर त्याची ओलसर झळाळी मला फार आवडते, पण आपल्या उन्हापावसात ते महिना-दोन महिने टिकलं तरी खूप. सीलंट कारखान्यात बनवलेलं, झळाळी थोडी कोरडी, पण बऱ्याच जास्त महिन्यांची निश्चिंती. नवख्याने सीलंट घ्यावं असं माझं मत.

सिरॅमिक कोटिंगबद्दल गैरसमज फार आहेत. ते मुख्यतः सिलिकॉन डायऑक्साइडचं असतं. पाणी आणि धूळ त्यावर कमी टिकते, ऊन-क्षारांपासून बचाव होतो. जाहिरातीतलं '९एच' हे पेन्सिलच्या टणकपणाच्या मोजपट्टीवरचं आहे, हिऱ्याच्या नाही. बाराव्या गाडीपर्यंत पोचलेली ती बादली त्यालाही चरे पाडते. शिवाय खाली जाळं ठेवून वर कोटिंग केलं तर जाळंच जपलं जातं.

लावताना एकच चूक सगळे करतात, जास्त लावतात. बोटाने रेघ ओढली तर जेमतेम दिसावी एवढा पातळ थर पुरे. एका वेळी एकच भाग, डब्यावर लिहिलं आहे तेवढं थांबा, एका फडक्याने पुसा आणि दुसऱ्या कोऱ्या फडक्याने चमकवा.

काळं प्लास्टिक, रबर, दिवे

आजकालच्या गाड्यांना चाकांभोवती आणि बंपरखाली बिनरंगाचं काळं प्लास्टिक भरपूर असतं. उन्हाने ते राखाडी पडतं आणि दोन वर्षांची गाडी दहा वर्षांची दिसते. ते आधी शाम्पू आणि मऊ ब्रशने घासून, पूर्ण वाळवून घ्या. मग ड्रेसिंग स्पंजावर घेऊन चोळा, थेट फवारू नका. दहा मिनिटांनी जास्तीचं पुसून टाका. राहिलं तर त्यावर धूळ चिकटते आणि पहिल्या पावसात ओघळ दारावर येतात. खोबरेल तेल किंवा इंजिन ऑइल लावणारे भेटतील. दोन दिवस काळंभोर दिसतं, मग धुळीची पुरणपोळी.

दारांच्या रबरी बीडिंगवर ओलं फडकं फिरवा आणि सिलिकॉनचं रबर प्रोटेक्टंट बोटभर लावा. टायरला चकाकी आणायचीच असेल तर फक्त बाजूंना. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर आणि ब्रेक डिस्कवर थेंबही जाऊ देऊ नका.

पुढचे दिवे पिवळट झाले असतील तर तो पॉलिकार्बोनेटवरचा उन्हाचा परिणाम. भोवती टेप लावून १०००, मग २०००, मग ३००० नंबरच्या पाणीपेपरने ओलं घासा आणि पॉलिश करा. पण मूळचा अतिनील किरण अडवणारा थर तुम्ही घासून काढलेला असतो, तेव्हा त्यावर दिव्यांसाठीचं यूव्ही कोटिंग लावलं नाही तर काही महिन्यांत पुन्हा पिवळे.

ज्यांच्यासाठी थांबून चालत नाही असे डाग

पक्ष्यांची शीट दिसली की त्याच दिवशी काढा. तिच्यात यूरिक अॅसिड असतं, आणि उन्हाने तापून मऊ झालेला लॅकर गार होताना वाळलेल्या शिटीभोवती आकसतो, मग खूण कायमची बसते. ओला टिश्यू त्यावर पाच मिनिटं ठेवा आणि उचलून घ्या, घासू नका. बारीक पिवळे ठिपके रांगेने पडलेले दिसले तर ते मधमाश्यांचे, उपाय तोच. पर्जन्यवृक्षाखाली किंवा जांभळाखाली गाडी लावत असाल तर जागा बदलण्यासारखा उपाय नाही.

पोडियमखालच्या पार्किंगमध्ये स्लॅबमधून पाणी ठिबकतं आणि बॉनेटवर पांढरे, कडक, चुनखडीचे ओघळ होतात. नखाने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच पाणी एकत्र करून फडकं भिजवा, डागावर दोन-तीन मिनिटं ठेवा, पुसा, शाम्पूने धुवा. गरज पडली तर पुन्हा. बोअरच्या पाण्याच्या कड्यांनाही हेच. वॅक्सही त्याबरोबर निघून जातं, तेवढ्या जागेला परत लावा. आणि सोसायटीच्या कमिटीला स्लॅबच्या वॉटरप्रूफिंगचं पत्र द्या. आमचं तिसरं पत्र सध्या विचाराधीन आहे.

दसऱ्याच्या दिवशी

एवढं सगळं करून सकाळी घरात पूजेचं ताट तयार असतं. बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढायची पद्धत. हल्लीच्या कुंकवातला रंग पांढऱ्या गाडीवर उतरतो आणि आठवडाभर राहिला तर गुलाबी सावली धुऊनही जात नाही. मी आईला काचेवर स्वस्तिक काढायला सांगतो. ती म्हणते, काचेवर काढलेलं देवाला मागून उलटं दिसेल. मग तडजोड अशी, की बोटभर टिळा बॉनेटवर आणि संध्याकाळी ओल्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा.

झेंडूची माळ दोऱ्यात ओवलेली घ्या, तारेत नको. तारेची दोन्ही टोकं गाडी चालताना बंपरवर आपटत राहतात. ग्रिलला दोन्ही बाजूंनी घट्ट बांधा, बॉनेटवर लोंबती सोडू नका. नारळ गाडीपासून चार हात लांब फोडा, करवंटीचे तुकडे कुठेही उडतात. टायरखालच्या लिंबाला मात्र माझी काहीच हरकत नाही.